मार्क्विस आणि मर्झबान

‘लॉर्ड वॉरन हेस्टिंग्ज आणि मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज एकच का? मार्क्विस म्हणजे उमरावच ना?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

आधी ते ‘लॉर्ड वॉरन’ बंद करा! भाषणांत, शिकवण्यांत, छापील लेखांतही ते सर्रास चालतं. वॉरनला असला कुठलाही किताब कधी मिळाला नाही. वाट्याला आला तो सात वर्षं रेंगाळलेला महाभियोग. मार्क्विस तो फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज, १८१३ ते १८२३ चा गव्हर्नर जनरल. पेशवाई बुडाली ती याच्या कारकिर्दीत.

आता शब्द. ‘उमराव’ म्हणजे कुठलाही बडा सरदार. ड्यूकही उमराव, अर्लही उमराव. मार्क्विस त्या दोघांच्या मधला. मुळात ‘मार्क’ म्हणजे सरहद्दीचा मुलूख (डेन्मार्कमधला ‘मार्क’ तोच), आणि तो राखणारा तो मार्क्विस. याच मुळाचं इराणी भावंड ‘मर्झ’, म्हणजे सीमा. ससानी बादशहांचा सरहद्दीवरचा सुभेदार तो ‘मर्झबान’! मुंबईत पारशी आडनाव म्हणून तो आजही नांदतो. फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ काढला, तेव्हा कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होता हाच मार्क्विस. एकाच अर्थाची दोन नावं, एकाच वेळी, एकाच राज्यात! मला विचाराल तर मराठीत मार्क्विसला ‘मर्झबान’च म्हणावं.

इंग्लंडचे मार्क्विस वेल्सची सीमा राखत, असं ठासून सांगणारे मात्र साफ चुकतात. ती राखणारे सरदार निराळे, मार्क्विस नव्हेत. इंग्लंडमध्ये हा किताब १३८५ मध्ये प्रथम दिला गेला तो राजा दुसऱ्या रिचर्डच्या लाडक्या रॉबर्ट द व्हीरला, आणि तोही डब्लिनचा. पुढे हा किताब मिळालेल्या जॉन बोफर्ट या सरदाराचा मार्क्विसपणा काढून घेतला होता. १४०२ मध्ये तो परत देऊ केला, तर हे नाव आपल्या देशाला परकं आहे म्हणून त्याने नाकारला. सीमा राखणारा असं बोलेल?

आपल्या हेस्टिंग्जचा किताब नेपाळच्या युद्धानंतरचा, १८१६ चा. तो चौथ्या मार्क्विसपाशीच संपला. चौथा मार्क्विस हेन्री याने हेन्री चॅप्लिनची वाग्दत्त वधू पळवून नेली होती. १८६७ च्या डर्बी शर्यतीत त्याने चॅप्लिनच्या ‘हर्मिट’ घोड्याविरुद्ध प्रचंड पैसा लावला. हर्मिट जिंकला. पुढच्याच वर्षी हेन्री २६ व्या वर्षी निपुत्रिक वारला, आणि किताब लयाला गेला.