पडून दात मुळासकट निघाला तर डेंटिस्टकडे पोहोचेपर्यंत काय करावं?

सगळ्यात आधी दात शोधा आणि पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका, कारण त्यावरच्या नाजूक पेशी जिवंत राहिल्या तरच दात पुन्हा रुजतो. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवा. घासू नका, पुसून कोरडा करू नका. जमलं तर लगेच त्याच खाचेत सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरा. भीती वाटत असेल तर थंड दुधात ठेवा, साध्या पाण्यात मात्र नको. पहिली 30 मिनिटं फार मोलाची असतात, म्हणून निघतानाच दवाखान्यात फोन करून 'दात निघालाय' एवढं सांगा.

हे फक्त कायमच्या दातांसाठी. दुधाचा दात परत बसवू नये, हिरडीत त्याखाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते; पण मुलाला दाखवून घ्याच.

शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, जबडा वाकडा वाटला किंवा रक्त थांबेना, तर दाताचा विचार नंतर. थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा.