भिंग, वजनकाटा आणि कायदा : जुन्या वस्तू घेण्यापूर्वी

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात रविवर्मा प्रेसचे लक्ष्मीचे चित्र मिळत आहे. ते खरोखर जुने आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर : चित्र आधी फ्रेमबाहेर काढून मागा; काचेआडून दिलेला निर्वाळा मी मानत नाही. मग दहा पट मोठे दाखवणारे भिंग लक्ष्मीच्या गालावर धरा. त्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड असे व त्यावर कारागीर हाताने ठिपके देत, त्यामुळे अस्सल ओलिओग्राफमध्ये, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या त्या छापील चित्रात, रंगाचे कण लहानमोठे, वेडेवाकडे आणि एकमेकांवर चढलेले दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ते ठरावीक अंतराने शिस्तीत बसलेले असतात. त्यानंतर तळाचा मजकूर वाचा. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, म्हणून ‘कार्ला-लोणावळा’ असा पत्ता असलेली प्रत त्यानंतरची. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, परंतु छपाई पुढेही कित्येक वर्षे चालूच राहिली. तेव्हा प्रत अस्सल असली तरी ती त्यांच्या हयातीतलीच असेल असे नाही, आणि किंमत ठरवताना हा फरक धरलाच पाहिजे. पत्त्याची कड कापलेली असेल, तर भाव निःसंकोच कमी करून मागा. साडीवर जरतार किंवा टिकल्या चिकटवलेल्या असल्यास मात्र तो दोष समजू नका. घरोघरी चित्रे अशीच सजवली जात, आणि मला तर तशी प्रत अधिक प्रिय आहे.

प्रश्न : रामदरबार आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे कोरलेले नाणे लाखो रुपयांना खपते, असे ऐकले. घ्यावे का?

उत्तर : मुळीच घेऊ नये. कंपनीने असे नाणे चलनासाठी कधीच पाडले नव्हते. कंपनीचा खरा रुपया हवा असेल, तर १८३५ चा चांदीचा रुपया पाहा आणि वजनकाटा जवळ ठेवा : त्याचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम असून, झिजेने ते थोडे कमी भरेल, जास्त भरणार नाही. जुनी नाणी विकून देतो म्हणून कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागितल्यास देऊ नका. असे शुल्क बँक घेत नाही, हे तिने २०२१ मध्येच जाहीर केले आहे.

प्रश्न : वाड्यातली जुनी पितळी मूर्ती घेऊन अमेरिकेतील मुलीला पाठवता येईल का?

उत्तर : ती शंभर वर्षांहून जुनी असल्यास नाही, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी व्यक्तीला तिची निर्यात करता येत नाही. अशा मूर्तीची नोंदणी आवश्यक असते, म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे नोंदणीचा दाखला मागा. मूर्ती तितकी जुनी नसेल, तर तसे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी मिळवा आणि मगच ती पाठवा.