स्ट्रोक म्हणजे लकवा का?

प्रश्न असा: 'पक्षाघात, अर्धांगवायू आणि लकवा हे स्ट्रोकचेच मराठी शब्द ना? मग नव्या उपचारांवर मराठीत लिहिताना यातला कुठला घ्यावा?'

माझ्या मते स्ट्रोकसाठी एकही घेऊ नये. तिन्ही शब्द अंगाला काय झालं ते सांगतात. स्ट्रोक होतो मेंदूत: तिथली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते.

पक्षाघातातला 'पक्ष' म्हणजे शरीराची एक बाजू. अर्धांगवायूतला 'वायू' म्हणजे वातदोष; गावाकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, ते वारंही तेच. लकवा मात्र अरबीतून आला. युनानी वैद्यकात लकवा म्हणजे फक्त तोंड वाकडं होणं. अर्धं अंग गेलं तर तो 'फालिज'. आयुर्वेदातही तोंडापुरत्या विकाराला 'अर्दित' हे वेगळं नाव आहे. मराठीत लकवा दोन्हीकडे चालतो आणि घोटाळा तिथेच होतो. चेहऱ्याचा मज्जातंतू सुजून तोंड वाकडं झालं (बेल्स पाल्सी), तर त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही, डोळा नीट मिटत नाही. स्ट्रोकमध्ये ओठाची कड ओघळते, पण आठ्या सहसा पडतात, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम येतात. पहिल्या आजारात ७२ तासांच्या आत स्टिरॉइड सुरू केलं तरी चालतं. दुसऱ्यात मिनिटं मोजायची. (म्हणून घरी आठ्या बघत बसू नये, ते काम डॉक्टरांचं.)

उलट, हातपाय धडधाकट असूनही स्ट्रोक असू शकतो. माणूस घडाघडा बोलतो, पण पाणी हवं असताना 'खिडकी द्या' म्हणतो. किंवा दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची नजर जाते. अंग लुळं नाही, म्हणजे लकवा नाही. घरचे म्हणतात 'भ्रम झालाय, सकाळी बघू'.

'मेंदूची नस फुटली' हेही असंच सरसकट. बहुतेक स्ट्रोकमध्ये रक्तवाहिनी फुटलेली नसते, गुठळीने तुंबलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक स्कॅनमध्येच कळतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. फुटलेल्या नसेत तेच जिवावर बेतेल. स्कॅनआधी घरी ॲस्पिरिन देऊ नये ते यासाठीच.

उपचार पुढे सरकतायत ते याच घड्याळाशी झगडत. गुठळी विरघळवणारं जुनं औषध अल्टेप्लेज, रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम: दहा टक्के एकदम, उरलेलं तासभर सलाइनसारखं. त्याच कामाचं नवं औषध टेनेक्टेप्लेज किलोमागे ०.२५, जास्तीत जास्त २५ मिलिग्रॅम, एकाच दमात; अमेरिकेत स्ट्रोकसाठी त्याला मार्च २०२५ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी बहुधा जांघेतून बारीक नळी घालून ओढून काढतात, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतसुद्धा.

आता शब्द. 'मेंदूचा झटका' नको. 'झटके येतात' म्हटलं की आपल्याला फिट आठवते. 'मेंदूला आघात' म्हटलं तर डोक्याला मार बसल्यासारखं वाटतं. संधी करू जाल तर 'मेंद्वाघात' होईल, आणि तो उच्चारताना निरोग्याचीही जीभ वळणार नाही! 'स्ट्रोक'च ठेवा. पक्षाघात त्याच्या परिणामासाठी राखावा: 'स्ट्रोक झाला, त्यातून उजव्या अंगाचा पक्षाघात राहिला.' अशा राहिलेल्या अधूपणावरही आता उपचार येतायत. हाताच्या व्यायामासोबत मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला विजेचे सूक्ष्म धक्के देणाऱ्या यंत्राला २०२१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तिथे 'पक्षाघातानंतरचं पुनर्वसन' हा शब्दप्रयोग अगदी चपखल बसतो.

शब्दाइतकंच वाक्यही जपावं. 'सकाळी सहाला झटका आला' असं सांगतात, तेव्हा बहुधा सहाला फक्त लक्षात आलेलं असतं. 'रात्री दहाला झोपले तेव्हा ठीक होते, सहाला उठले तेव्हा उजवा हात हलेना' असं सांगावं. डॉक्टर घड्याळ दहापासून लावतात.