‘पॉश’, मुंबईची बोट आणि उजवीकडचं वल्हं

प्रश्न असा आहे: ‘पॉश’ हा शब्द ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ यांच्या आद्याक्षरांतून झाला, इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटींवर बड्या साहेबांच्या तिकिटांवर तसा शिक्का असे म्हणतात. हे खरं का? आणि पोर्ट, स्टारबोर्ड ही काय भानगड आहे?

शिक्क्याची गोष्ट खोटी आहे. पण ज्याने ती रचली त्याचा भूगोल पक्का होता. तांबड्या समुद्रातून बोट खाली भारताकडे निघाली की तिची डावी बाजू पूर्वेला येते आणि दुपारचं ऊन उजवीकडच्या खोल्या भाजून काढतं. मायदेशी परतताना सगळं उलट. म्हणजे येताना डावी खोली बरी, जाताना उजवी. डावी ती पोर्ट, उजवी ती स्टारबोर्ड. इतकं चपखल बसतं, म्हणूनच संशय घ्यावा! या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीचं असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘झकपक’ या अर्थाने छापलेला सापडतो. आद्याक्षरांची ही कथा मात्र पुढे १९३०च्या दशकात दिसू लागते. लेकरू आधी, बारसं मागाहून.

मग पॉश आला कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या बाजारबोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी, चिल्लर, पैसा. आणि छानछोकी करणारा माणूसही. यातला ‘अर्धा’ हा अर्थ रोमानी भाषेतला, म्हणजे भारतातून फार पूर्वी युरोपात गेलेल्या रोमा लोकांच्या बोलीतला. त्या रोमानी शब्दाचं मूळ संस्कृत ‘पार्श्व’ मानतात. कोशकार ‘पॉश’बद्दल अजून हात राखूनच लिहितात, माझा कल मात्र इकडे आहे. गंमत बघा, बोटीची कुठली बाजू हे शोधत निघालो आणि हाती लागला तो ‘बाजू’ याच अर्थाचा शब्द.

आता स्टारबोर्ड. याचा आकाशातल्या ताऱ्यांशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत तो ‘स्टेओरबोर्ड’ होता. ‘स्टेओर’ म्हणजे सुकाणू आणि ‘बोर्ड’ म्हणजे जहाजाची कड. सुकाणू मागच्या टोकाला मधोमध बसवण्याची पद्धत येण्याआधी उत्तर युरोपातली जहाजं एका मोठ्या वल्ह्याने वळवत. बहुतेक माणसं उजव्या हाताची, त्यामुळे ते वल्हं मागे उजव्या कडेला बांधलेलं असे. सुकाण्या दोन्ही हातांनी ते धरून उभा राहिला की डाव्या कडेकडे त्याची पाठ. म्हणून डावी बाजू ‘पाठीची कड’. जर्मनमध्ये तिला आजही ‘बाकबोर्ड’च म्हणतात. ‘ओव्हरबोर्ड’ पडणारा माणूस फळीवरून नव्हे, याच कडेवरून पडतो. आणि हापिसात नव्या माणसाचं ‘ऑनबोर्डिंग’ होतं तेव्हा एचआरवाले नकळत त्याला गलबतावरच चढवत असतात.

इंग्रजीत मात्र पाठीची कड टिकली नाही. उजवीकडचं वल्हं धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने धक्क्याला लावत आणि माल तिकडूनच चढवत. त्यावरून ‘लाडबोर्ड’, म्हणजे लादण्याची कड. पुढे स्टारबोर्डशी यमक जुळवण्याच्या नादात त्याचं ‘लारबोर्ड’ झालं आणि घोळ झाला. वादळात शिडाच्या दोरांवर लटकलेल्या खलाशाला खालून आलेली हाक ‘लार’ होती की ‘स्टार’, हे कळणार कसं? ‘पोर्ट’ हा पर्याय खलाशांच्या तोंडी होताच, बंदराकडची बाजू म्हणून. अखेर १८४४ साली ब्रिटिश आरमाराने हुकूम काढून लारबोर्ड बाद केला. अमेरिकन आरमाराने १८४६ साली.

लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: पोर्ट वाइन लाल, पोर्टकडचा दिवाही लाल, स्टारबोर्डचा हिरवा. अंधार पडल्यावर गेटवेच्या कठड्याशी उभे राहा. एखादी बोट सरळ तुमच्याकडे येत असेल तर दोन्ही दिवे एकदम दिसतात, आणि तिचा लाल दिवा तुमच्या उजव्या हाताला असतो.