रंग, प्रकाश आणि विषाणू: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वडिलांना चढवलेल्या प्लाझ्माच्या पिशवीवर ‘मिथिलीन ब्लू प्रक्रिया केलेला’ असं लिहिलं होतं. रक्तात रंग कशाला घालतात?

उत्तर : विषाणू निकामी करायला. मिथिलीन ब्लू १८७६ पासून माहीत असलेला रंग आहे. विषाणूच्या जनुकीय साहित्याला तो चिकटतो, पण अंधारात फारसं काही करत नाही. पिशवीवर तांबडा प्रकाश सोडला, की रंगाचा रेणू तो शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा ‘सिंगलेट ऑक्सिजन’ अतिशय दाहक असतो. पाण्यात तो जेमतेम तीन-चार मायक्रोसेकंद टिकतो, त्यामुळे लांब जाऊच शकत नाही. मोडतोड मुख्यतः रंग चिकटलेल्या जागेच्या आसपासच होते. असा विषाणू पेशीत शिरला तरी स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. नंतर प्लाझ्मा खास गाळणीतून नेऊन बहुतेक रंग काढून टाकतात. रक्त गोठवणारे काही घटक, उदाहरणार्थ फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ, या प्रक्रियेत थोडे घटतात, हेही सांगायला हवं.

प्रश्न : प्लेटलेटसाठी मात्र ‘अमोटोसॅलेन’ वापरतात असं ऐकलं. त्याने प्लेटलेट मरत नाहीत का?

उत्तर : नाही, आणि या पद्धतीतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. अमोटोसॅलेन सोरालेन या, प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या रसायनांच्या कुळातलं. ते डीएनए-आरएनएच्या धाग्यांमध्ये घुसून बसतं आणि अतिनील-ए किरण पडले की धागे एकमेकांना कायमचे जखडून टाकतं, झिप मध्येच अडकावी तसं. याला ऑक्सिजन लागत नाही. प्लेटलेटना केंद्रक, म्हणजे पेशीतला डीएनए साठवणारा भाग, नसतं; त्यांचं काम त्याच्यावाचून चालतं. मात्र विषाणू, जिवाणू आणि रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशी, सगळ्यांची वाढ थांबते. जिवाणूंची बाब तर फारच महत्त्वाची: प्लेटलेट २० ते २४ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात आणि त्या उबेत जिवाणू झपाट्याने वाढतात.

प्रश्न : मग रक्ताच्या तपासण्या बंद करता येतील?

उत्तर : अजिबात नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांसारखे मेदाचं आवरण असलेले विषाणू या पद्धतींना चांगले बळी पडतात. आवरण नसलेले, जसे हिपॅटायटिस ए किंवा पार्व्होव्हायरस बी१९, चिवट असतात. शिवाय तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिनच प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे तिथे काम अवघड होतं. तपासण्या आणि रक्तदात्याची विचारपूस हवीच.

प्रश्न : मिथिलीन ब्लूचे थेंब पिऊन उन्हात बसलं तर फुप्फुसातला संसर्ग जातो, असा संदेश आला आहे. करून पाहू का?

उत्तर : कृपया करू नका. ऊन फुप्फुसापर्यंत पोचत नाही. नागिणीच्या नात्यातल्या हर्पिसच्या फोडांवर रंग लावून प्रकाश देण्याचे प्रयोग १९७०च्या दशकात झाले. फोड त्वचेवर, म्हणजे प्रकाश पोचण्याजोगे; तरीही नियंत्रित चाचण्यांत फायदा दिसला नाही. उलट जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी मिथिलीन ब्लूने फुटू शकतात, आणि नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांबरोबर ते घेणं जिवावर बेतू शकतं. घरात कुणी घेतलंच असेल, तर लघवी निळी-हिरवी होणं रंगामुळेच. पण लघवी गडद तपकिरी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली किंवा अंग थरथरून ताप चढला, तर लगेच रुग्णालयात न्या आणि काय घेतलं ते डॉक्टरांना आधी सांगा.