केबीसीच्या खुर्चीत बसणं खरंच कसं असतं? एका स्पर्धकाचं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे : "केबीसीसारख्या कार्यक्रमात स्पर्धक म्हणून जाणं प्रत्यक्षात कसं असतं? सगळं आधीच ठरलेलं असतं का? आणि जिंकलेले पैसे पूर्ण हातात पडतात का?"

'कौन बनेगा करोडपती'च्या अकराव्या पर्वात, म्हणजे २०१९ मध्ये, मी त्या खुर्चीत बसले होते. ६,४०,००० रुपये जिंकून खेळ सोडला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी काम करते. जे पाहिलं तेवढंच सांगते.

'ठरलेलं असतं का' हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलंय. प्रश्न आणि उत्तरं ठरलेली नसतात. सेटवर पोचल्यावर मोबाईल काढून घेतात, एकट्याने इकडेतिकडे फिरता येत नाही, अगदी स्वच्छतागृहापर्यंतही कुणीतरी सोबत असतं. मेकअपवाले, कपडे बघणारे, आपली माहिती विचारणारे, यांचा प्रश्नांशी काही संबंध नसतो. एवढी काळजी घेण्याला कारणही आहे. ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून केबीसी आला, त्यात २००१ साली चार्ल्स इन्ग्रॅम नावाचा लष्करी अधिकारी दहा लाख पौंडांपर्यंत पोचला होता. बरोबर पर्यायाच्या वेळी स्पर्धकांमधलाच एकजण खोकून इशारा देत होता, असं न्यायालयात सिद्ध झालं आणि २००३ मध्ये शिक्षा झाली. असा प्रकार एकदा घडला की जगभरच्या सगळ्या आवृत्त्यांचा विश्वास पणाला लागतो.

माणसं मात्र निवडलेली असतात, आणि ते लपवण्यासारखं नाही. नोंदणीच्या दिवसांत रात्री टीव्हीवर प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर एसएमएसने किंवा ॲपवरून पाठवायचं. त्यातून संगणक काही जणांना निवडतो. मग फोन येतो, फोनवर प्रश्न विचारतात. तिथून पुढे गेलात तर ऑडिशन : लेखी सामान्यज्ञान चाचणी आणि नंतर कॅमेऱ्यासमोर मुलाखत. या मुलाखतीत तुम्ही किती हुशार आहात हे कुणी बघत नाही, ते लेखी पेपरात कळलेलं असतं. तुम्ही बोलता कसे, तुमचं जगणं काय, हे बघतात. मी आमच्या वाचनालयात रोज सकाळी उघडायच्या आधीच दारात येऊन उभ्या राहणाऱ्या निवृत्त आजोबांबद्दल बोलले, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी नंबर लावून बसणाऱ्या मुलींबद्दल बोलले.

यावरून लोक म्हणतात, "गरिबीची गोष्ट असली की घेतात." मला हे बोलणं पटत नाही. त्याच पर्वात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, महिन्याला १,५०० रुपये मिळायचे. त्यांची गोष्ट त्यांना स्टुडिओपर्यंत घेऊन गेली असेलही, पण पुढची पंधरा उत्तरं त्यांची स्वतःची होती. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे २००० साली पहिले करोडपती झाले तेव्हा नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करत होते. म्हणजे अभ्यासात बुडालेला तरुणही तिथे एक कोटीपर्यंत जातो आणि चुलीपुढे वर्तमानपत्र वाचणारी बाईही. त्या खुर्चीला दोघं सारखेच.

चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत होतं. घरून एकाला सोबत नेता येतं, माझ्याबरोबर जाऊबाई होत्या. घरच्यांना वाटलं होतं नवरा येईल, पण माझी तयारी जाऊबाईंनी करून घेतली होती, मान त्यांचा होता. कपड्यांचे बरेच जोड आणायला सांगतात, बारीक चौकड्या आणि रेघांचे नको म्हणतात, कारण कॅमेऱ्यात ते लवलवतात. सेटवर एसी इतका असतो की बोटं गार पडतात, आणि बोटांवरच तर सगळं असतं. वाट फार बघावी लागते. टीव्हीवर तासाभराचा दिसणारा भाग प्रत्यक्षात कितीतरी लांबतो.

पहिली पायरी म्हणजे फास्टेस्ट फिंगर. माझ्या वेळी एका गटात दहा जण होते. चार गोष्टी क्रमाने लावायच्या आणि सेकंदाच्या शतांश भागावर निकाल. मी घरी जुन्या कॅल्क्युलेटरच्या बटणांवर ए, बी, सी, डी अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. जाऊबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "तापी, कृष्णा, नर्मदा, गोदावरी. उत्तरेकडून दक्षिणेकडे." मी दाबायचे : सी, ए, डी, बी. माहिती असणं आणि ती बोटात उतरणं यात अंतर आहे, ते सरावानेच कमी होतं. हे मी सगळ्यांना सांगते, कारण पुस्तकं सगळे वाचतात, बोटांचा सराव फार थोडे करतात.

माझ्या गटातल्या सगळ्यांना खुर्ची मिळाली नाही. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यातले दोघं माझ्यापेक्षा नक्की जास्त जाणकार होते. नाश्त्याच्या टेबलावर त्यांच्याशी गप्पा मारताना मला ते कळलं होतं. एवढ्या चाळण्यांतून वर येऊन एका सेकंदाच्या फरकाने परतायचं, याचं दुःख टीव्हीवर दिसत नाही. जाणाऱ्याने याची मनाची तयारी ठेवूनच जावं.

आता खुर्ची. समोर अमिताभ बच्चन बसलेले असतात आणि पहिल्या प्रश्नाच्या वेळी आपला आवाज आपल्याला परका वाटतो. ते जातं. माझ्या पर्वात पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद, पुढच्या पाचांना ६० सेकंद, अकराव्यापासून घड्याळ नव्हतं. पाचव्या प्रश्नाला १०,००० आणि दहाव्या प्रश्नाला ३,२०,००० हे तेव्हाचे पक्के टप्पे. चुकलं तरी रक्कम त्यांच्या खाली घसरत नाही.

लोकांना वाटतं तिथे ज्ञानाची परीक्षा होते. ज्ञान लागतंच, पण माझ्या मते खरी परीक्षा वेगळीच असते. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे, की नुसतं तसं वाटतंय, हे आपलं आपल्याला ओळखता येतं का? घरी बसून टीव्ही बघताना हे कळत नाही, कारण चुकलेलं उत्तर आपण क्षणात विसरतो आणि बरोबर आलेलं लक्षात ठेवतो.

म्हणून मी तयारीत एक वही केली होती. प्रत्येक उत्तर देताना पुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा : 'ठाऊक', 'वाटतंय' किंवा 'अंदाज'. मग उत्तर तपासायचं. महिनाभरातच चित्र स्पष्ट झालं. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था यांत मी 'ठाऊक' लिहिलं की ते जवळजवळ नेहमी खरं असायचं. चित्रपट आणि खेळ यांत मात्र माझं 'ठाऊक'सुद्धा डळमळीत होतं. आणि 'वाटतंय' जेमतेम निम्म्या वेळा बरोबर यायचं, विषय कुठलाही असो. ही वही मला पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडली. हिंदी चित्रपटगीतावरचा प्रश्न आला तेव्हा मला उत्तर माहीत आहे असं आतून वाटत होतं, तरी मी प्रेक्षकांचं मत घेतलं. गाणी, सिनेमा, रोजच्या वापरातल्या गोष्टी यांत प्रेक्षक बहुधा बरोबर असतात. अवघड प्रश्नापर्यंत ही लाइफलाइन (अडल्यावर एकदाच घेता येणारी मदत) राखून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण तिथे प्रेक्षकही आपल्याइतकेच अंधारात असतात.

बाकीच्या लाइफलाइन दहाव्या प्रश्नापर्यंत संपल्या. अकरावा प्रश्न निर्धास्त असतो. माझ्या वेळी तोवर ३,२०,००० पक्के झालेले असायचे, चुकलं तरी तेच मिळायचे, त्यामुळे तो सोडून उठायचं काही कारणच नसतं. सहाव्या प्रश्नाचंही तसंच. हे गणित साधं आहे, पण घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. आधी कागदावर मांडून जा.

बारावा प्रश्न १२,५०,००० चा. पहिल्या लोकसभेचे पहिले उपाध्यक्ष कोण, असा तो प्रश्न होता. पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे मला झोपेतही सांगता आलं असतं, मूळचं आपल्या रत्नागिरीकडचं घराणं. उपाध्यक्षांचं तसं नव्हतं. पर्यायांत अनंतशयनम अय्यंगार होते आणि हुकम सिंगही होते. दोघंही उपाध्यक्ष झाले होते एवढं वाचलेलं आठवत होतं. मावळणकर गेल्यावर अय्यंगार अध्यक्ष झाले हेही आठवत होतं, म्हणजे आधी तेच असणार. पण हे जुळवून काढलेलं होतं. वहीत लिहायचं असतं तर मी 'वाटतंय' लिहिलं असतं.

मी खेळ सोडला. सोडल्यावर 'खेळला असता तर कुठलं उत्तर दिलं असतं' हे सांगायचं असतं. मी अय्यंगार म्हटलं. ते बरोबर निघालं.

यावर आजपर्यंत मला हळहळ ऐकवली जाते. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा तर हिशोब घेऊनच आला : बरोबर आलं तर साडेबारा लाख, चुकलं तर तीन लाख वीस हजार, शक्यता निम्मी धरली तर सरासरी ७,८५,००० होतात, म्हणजे हातातल्या ६,४०,००० पेक्षा जास्त. "काकू, तुम्ही खेळायला हवं होतं." त्याचं गणित अचूक आहे. पण सरासरी त्याला मिळते जो पुन्हा पुन्हा खेळतो. मी एकदाच बसणार होते. घरावर पतसंस्थेचं कर्ज होतं, चार लाखांच्या आसपास. कर वजा जाता ६,४०,००० मध्ये ते फिटत होतं, ३,२०,००० मध्ये फिटत नव्हतं. निर्णय घेताना जेवढं माहीत होतं त्यावरूनच तो चांगला की वाईट हे ठरतं. उत्तर नंतर काय निघालं यावरून नाही. ज्याच्यावर कर्ज नाही, ज्याचं पोट या पैशांवर अवलंबून नाही, त्याने त्याच जागी खेळावं, असंच मी म्हणेन.

आता पैशांचं. पूर्ण रक्कम हातात येत नाही. अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे, तो आधीच कापून घेतात. त्या कराच्या ४ टक्के उपकर वेगळा, तो विवरणपत्र भरताना द्यावा लागतो. माझे १,९२,००० कापले गेले, नंतर ७,६८० भरले. म्हणजे उरले ४,४०,३२०. माझा पगार करपात्र मर्यादेच्या आत आहे, मला वाटलं होतं त्याचा काही फायदा मिळेल, तर नाही. या उत्पन्नाला ती मर्यादा लागू होत नाही, विमा-पीपीएफची वजावटही चालत नाही. बक्षीस ५० लाखांच्या वर गेलं तर अधिभारही लागतो. माझे पैसे भाग टीव्हीवर दाखवून झाल्यावर थेट बँकेत आले. तोपर्यंत किती जिंकलो हे बाहेर सांगायचं नसतं. घरात लहान मुलं असतील तर हे सगळ्यात कठीण.

भाग दिसल्यावर ओळखीचे-अनोळखी सगळे भेटायला येतात. बहुतेक जण खरंच आनंदाने येतात. काही उसने मागायला येतात. बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार २०११ मध्ये पाच कोटी जिंकले, आणि २०२० मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की त्यानंतरचा काळ त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट होता. माझी रक्कम त्यापुढे काहीच नव्हती, पण त्यांचं लिहिलेलं मला नीट समजलं. मी पहिल्याच आठवड्यात कर्ज फेडून टाकलं आणि येणाऱ्याला तसं सांगितलं. पैसे नसल्यावर मागणंही थांबतं.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. माझा भाग दाखवल्यावर आमच्याच गावात दोघा-तिघांना व्हॉट्सॲपवर निरोप आले : तुमच्या मोबाईल नंबरला केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली आहे, आधी कराचे पैसे भरा. सोबत बच्चन साहेबांचा फोटो. हे निरोप देशभर फिरतात आणि लोक त्यात घरदार घालवून बसतात. या कार्यक्रमात लॉटरी नसते. न खेळता कुणाला काही मिळत नाही. नोंदणीपासून खुर्चीपर्यंत माझ्याकडून कुणीही एक रुपया मागितला नाही, आणि ३० टक्के करही जिंकलेल्या रकमेतूनच कापला गेला. कुणी आधी पैसे भरा म्हणालं तर फोन ठेवा. भरून बसला असाल तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.