‘वाचलेलं लक्षात राहत नाही’: अर्धवेळ काम, अभ्यास आणि झोप

प्रवेशाच्या धामधुमीत, म्हणजे जून-जुलै महिन्यांत, महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो: शिकता शिकता मुलाने अर्धवेळ काम केले, तर अभ्यासाचे नुकसान होईल का? विचारणाऱ्यांपैकी काहींना मुलाने दोन पैसे मिळवावेत असे वाटत असते आणि मनाला रुखरुख नको एवढ्यासाठी ते विचारतात. काहींचे काम करू द्यायचे नाही हे आधीच ठरलेले असते आणि त्यावर त्यांना माझी मोहोर हवी असते. दोघांनाही हो किंवा नाही असे उत्तर अपेक्षित असते आणि तसे ते देता येत नाही. काम किती तासांचे आहे याइतकेच ते दिवसाच्या कोणत्या वेळी आहे आणि ती वेळ ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावर नुकसान होणार की नाही हे अवलंबून असते. पुण्यातील एका विद्यार्थ्याची हकीकत त्याच्या संमतीने येथे मांडते आहे. त्याचे नाव आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदललेले आहेत.

प्रशांत मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्या या मुलाला दुसऱ्या सत्रात दोन विषयांत एटीकेटी लागली आणि पुढच्या वर्षी सकाळच्या तासांना तो दिसेनासा झाला, म्हणून वर्गशिक्षिकेने त्याला माझ्याकडे पाठवले. समोर बसल्यावर तो कामाबद्दल अवाक्षरही बोलला नाही. त्याची तक्रार निराळीच होती. ‘‘मॅडम, माझ्या डोक्यात काही बिघाड झालाय का बघा. बारावीत एकदा वाचलं की बसायचं डोक्यात. आता तेच पान चार वेळा वाचतो, तरी लक्षात राहत नाही,’’ असे तो म्हणाला.

ही तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती बहुधा ठणठणीत असते. तरीही तेवढ्यावर विसंबून चालत नाही, म्हणून त्याला डॉक्टरांकडे पाठवून रक्ताच्या साध्या तपासण्या करून घेतल्या, नैराश्याची लक्षणे आहेत का आणि जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले. तसे काही नव्हते. चिडचिड, पित्ताचा त्रास आणि दुपारी तीनच्या सुमारास प्रयोगशाळेत उभ्या उभ्या येणारी पेंग, एवढे मात्र होते. झोपेबद्दल विचारले तेव्हा ‘‘झोपतो की, चार-पाच तास’’ असे उत्तर आले आणि मग हळूहळू काम पुढे आले. तो एका खाद्यपदार्थ घरपोच पोहोचवणाऱ्या कंपनीसाठी दुचाकीवरून ऑर्डरी पोहोचवत होता. ‘‘पार्ट टाइमच आहे, मॅडम,’’ हे त्याने दोनदा सांगितले.

अशा वेळी मी चौकटीच्या वहीचा एक कागद पुढे करते आणि मागच्या आठवड्याचे सात दिवस तासातासाने भरायला सांगते. सल्ला देण्याआधी हा कागद भरून घेण्यावर माझा कटाक्ष असतो, कारण आपण किती तास काम करतो याविषयी विद्यार्थी खोटे बोलत नसले तरी त्यांचा अंदाज फार चुकतो. प्रशांतच्या कागदावर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात ते रात्री बारा आणि शनिवार-रविवारी दुपार व रात्र मिळून नऊ-नऊ तास भरले गेले. बेरीज ४३ झाली. त्याच्या सत्राचे २२ श्रेयांक (क्रेडिट) होते. तासिकेच्या एका श्रेयांकाला आठवड्यातून एक तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला दोन तास लागतात. त्या हिशेबाने, प्रात्यक्षिके धरून, आठवड्याचे ३० तास महाविद्यालयातच जायला हवे होते. म्हणजे एकूण ७३ तास, आणि त्यात स्वतःचा अभ्यास, जाणे-येणे, कपडे धुणे, मेसमध्ये रांगेत उभे राहणे यांपैकी काहीच धरलेले नाही. कागदाकडे पाहत तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘‘हे तर फुल टाइम झालं.’’

खरी मेख मात्र ४३ या आकड्यापेक्षा रोज रात्रीच्या शेवटच्या दोन तासांत होती. अशा कामात ठरावीक संख्येच्या ऑर्डरी पूर्ण केल्या की वरची प्रोत्साहन रक्कम मिळते, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी मागणी सर्वाधिक असल्याने ती संख्या बहुतेकदा रात्री दहानंतरच गाठली जाते. दोन ऑर्डरी कमी असताना ॲप बंद करणे म्हणजे संध्याकाळपासूनच्या कष्टावर पाणी सोडणे, असे त्या वेळी वाटते. मग बारा वाजतात, खोलीवर पोहोचायला साडेबारा-एक, अंगातली गाडीची धडधड आणि वाटेत घेतलेल्या चहाचा अंमल उतरून डोळा लागायला दोन, आणि सकाळी साडेसातचा तास. या वयात सात ते नऊ तास झोप लागते. दिवसभरात वाचलेले आणि ऐकलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम बरेचसे झोपेत होते. त्यामुळे झोप तोडून जागेपणी चार वेळा वाचलेले पान टिकत नाही, यात आश्चर्य काहीच नाही. प्रशांतच्या ‘बिघाडा’चा उलगडा येथपर्यंत सरळ होता.

पैशाचा हिशेब त्यानेच मागच्या पानावर मांडला. महिन्याला हातात साधारण १७,००० रुपये येत होते. त्यातून पेट्रोलला ४,५००, गाडीच्या डागडुजीला ७०० आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता ३,४०० रुपये. ही गाडी याच कामासाठी घेतलेली होती. उरलेल्या ८,४०० रुपयांना महिन्याच्या सुमारे १८५ तासांनी भागले, तेव्हा तासाला ४५ रुपये निघाले. हा भागाकार त्याने आधी कधी केलेला नव्हता, कारण पैसे दर आठवड्याला जमा होतात आणि खर्च सुटासुटा होतो. गाडी कामासाठी आणि काम बऱ्याच अंशी गाडीसाठी, असे ते चक्र होते.

येथवर येऊन ‘काम सोड’ असे सांगणे सोपे होते आणि बरेच हितचिंतक तेच सांगतात. पण पुढच्या भेटींमध्ये एक गोष्ट पुढे आली, जी मला हिशेबाहून महत्त्वाची वाटते. तो महाविद्यालयाच्या परिसरातील ऑर्डरी टाळायचा आणि एकदा वर्गमित्राच्याच दारात उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा हेल्मेट न काढता पिशवी देऊन तो खाली आला होता, इतका त्याला संकोच होता. आणि तरीही एखाद्या दिवशी वरचा टप्पा गाठला की आपण काहीतरी आहोत असे त्याला वाटायचे. वर्गात तो मागे पडलेला, इंग्रजीतून बोलताना अडखळणारा, आणि शहराच्या गल्लीबोळांत मात्र भल्याभल्यांना रस्ता सांगणारा. कामाचे फळ त्याच रात्री ॲपवर दिसायचे. अभ्यासाचे फळ सहा महिन्यांनी, आणि तेही एटीकेटीच्या रूपात. काम पैशासाठी सुरू झाले होते हे खरे, पण विषय राहिल्यानंतर ते अभ्यासाच्या भीतीपासून दूर राहण्याची जागाही बनले होते. कामाचे तास वाढले ते नेमके निकालानंतर, हे त्याच्याच बँक खात्यातल्या नोंदींवरून दिसत होते. घरी फोन करताना ‘कामावर आहे’ म्हटले की कोणी पुढे काही विचारत नाही, हा आणखी एक आडोसा.

म्हणून आम्ही काम न सोडता एकच बदल केला: दोन आठवडे रात्री दहानंतर ऑर्डर घ्यायची नाही, मग टप्पा हुकला तरी चालेल. पहिल्या आठवड्यात तो वैतागला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळच्या दोन तासांना तो जागा होता, आणि एका प्रकरणाची टिपणे त्याने स्वतः काढून आणली. आपल्या डोक्यात बिघाड नाही, ही खात्री त्याला माझ्या समजावण्याने पटली नसती. ती झोपेने पटवली.

पैशाची बाजू मात्र केवळ वेळापत्रकाने सुटत नाही आणि समुपदेशकाने तिकडे डोळेझाक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रशांतच्या शिष्यवृत्तीचा नूतनीकरणाचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा राहून गेला होता, कारण विद्यार्थी विभागाच्या खिडकीच्या वेळात तो झोपलेला असायचा. ते काम आधी केले. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत आणि आपण कोणत्या योजनेत बसतो, हे काम शोधण्याच्या आधी तपासायला हवे. प्रत्यक्षात मुले आधी काम शोधतात आणि योजनेची आठवण मुदत संपल्यावर होते.

दुसरा पर्याय होता महाविद्यालयातील कमवा आणि शिका योजनेचा. पालक, विशेषतः सातारा-सांगलीकडचे, मला अनेकदा ऐकवतात की कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या मुले राबून शिकली, मग आताच्याच मुलांना काय होते? त्यांचे म्हणणे खरे आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून श्रमातून शिक्षण हा महाराष्ट्राच्या परिचयाचा मार्ग आहे. पण तेथे कामाची वेळ शिक्षणसंस्थाच ठरवत असे. परीक्षा आली की काम मागे सरत असे आणि सोबत काम करणारे सगळे विद्यार्थीच असत. रात्री अकरा वाजता आणखी दोन ऑर्डरींचे आमिष दाखवणाऱ्या ॲपला परीक्षेचे वेळापत्रक ठाऊक नसते. श्रम तेच असले, तरी दोन्हींची तुलना करू नये.

प्रशांतने ग्रंथालयात रोज दुपारी दोन तासांचे काम घेतले. पैसे बरेच कमी होते आणि त्यावर त्याची कुरकुरही होती. ती रास्त होती. म्हणून शनिवार-रविवारची दुपारची पाळी त्याने चालू ठेवली. दोन्ही मिळून आठवड्याचे सुमारे २० तास झाले.

हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे, कारण परदेशी जाणाऱ्या मुलांमुळे ‘आठवड्याला २० तास’ आपल्याकडे नियमासारखे बोलले जाते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा आहे, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून ती २४ तास आहे, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. हे व्हिसाचे नियम आहेत; एवढे काम केले तर अभ्यासाला बाधा येत नाही, असा त्यांचा अर्थ नाही. अमेरिकेतील या विषयावरच्या संशोधनात साधारणपणे असे दिसते, की महाविद्यालयाच्या आवारातले आठवड्याला दहा-पंधरा तासांपर्यंतचे काम अपाय करत नाही, उलट काहींना शिस्त लावते, आणि २० तासांच्या पुढे गुण व शिक्षण टिकण्याचे प्रमाण घसरू लागते. पण तेथे वर्गातले तास आपल्यापेक्षा बरेच कमी असतात. आपल्याकडच्या विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ती मर्यादा जशीच्या तशी उचलू नये; प्रात्यक्षिकांच्या सत्रात मला १५ तासही जास्त वाटतात. प्रशांतचे २० तास ही त्याच्या परिस्थितीशी केलेली तडजोड होती.

राहिले होते घर. तो दर महिन्याला वडिलांना ३,००० रुपये पाठवत होता आणि विषय राहिल्याचे त्याने सांगितलेले नव्हते. त्याच्या सांगण्यावरून, त्याच्यासमोर, मी वडिलांशी फोनवर बोलले. निकालाचे त्याने स्वतः सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘‘मॅडम, तो दोन-तीन तास काम करतो एवढंच आम्हाला माहीत. सोसायटीचा हप्ता त्याच्या पैशातून जातो, खोटं कशाला बोलू. पण सोयाबीन निघेस्तोवर मी बघतो काहीतरी.’’ मुलाला ओरडण्याऐवजी त्यांनी रात्री जेवतो कुठे, हे विचारले. सगळीच घरे असे बोलत नाहीत, आणि सगळ्यांकडे हप्ता पुढे ढकलण्याची सोयही नसते, हे येथे नमूद केले पाहिजे. ज्यांच्या घरी ती नाही, त्यांच्या बाबतीत वर्षाचे विषय दोन टप्प्यांत सोडवणे किंवा मुक्त विद्यापीठातून पदवी घेणे हेही मी सुचवते आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पाठोपाठच्या सत्रात प्रशांतचा एक राहिलेला विषय सुटला, दुसरा अद्याप बाकी आहे. गाडीचे सात हप्ते उरले आहेत आणि ती विकावी की ठेवावी यावर त्याचा निर्णय होत नाही; मी त्यात मत दिलेले नाही. पुनर्परीक्षेचा अर्ज त्याने भरला आहे, परीक्षेच्या महिन्यात ॲप पूर्ण बंद ठेवायचे ठरवले आहे, आणि त्या महिन्याच्या मेसचे पैसे घरून मागवायचे की ग्रंथालयाच्या मानधनातून आधीच बाजूला काढायचे, यावर बापलेकांचे फोनवर बोलणे चालू आहे.